गाडी तुमची, पण सीमेवर ती ‘माल’

मागच्या अंकात परदेशात भाड्याची गाडी चालवायला लागणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर पत्रं आली ती भलत्याच दिशेने. भाड्याची कशाला, आपलीच गाडी घेऊन गेलो तर? हौसेला मोल नसतं म्हणतात. या हौसेला मात्र असतं, आणि ते बऱ्याचदा बँकेत गहाण ठेवावं लागतं.

उत्तरांआधी एक गोष्ट सांगून टाकते. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात माझी नोकरी झाली, म्हणून मी या सगळ्याकडे कस्टम्सच्या खिडकीतूनच बघते. लायसन्स हा यातला सोपा भाग. खिडकीपलीकडच्या माणसाला तुम्ही गाडी कशी चालवता याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला एकच शंका असते: हा इसम ही गाडी आमच्या देशात विकून, ड्युटी बुडवून, हात हलवत परत तर जाणार नाही ना? नेपाळचा भन्सार, कार्नेट (म्हणजे कस्टम्सला दाखवायचं गाडीचं हमीपुस्तक), बँकेची हमी, दिवसांची मर्यादा हे सगळं या एका शंकेपोटी आहे. ती डोक्यात ठेवली की कागदांची यादी पाठ करावी लागत नाही.

प्रश्न: ताई, आम्ही दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि आई, असे दिवाळीनंतर गोरखपूरमार्गे आमच्या गाडीने पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ करायचं म्हणतोय. गाडी थोरल्या भावाच्या नावावर आहे आणि तो ऐनवेळी येईल की नाही याची खात्री नाही. गाडीवर बँकेचं कर्ज आहे. पासपोर्ट फक्त माझ्याकडे आहे. काय काय लागेल? (इचलकरंजी)

आधी गोड बातमी. भारतीय नंबरच्या गाडीला नेपाळसाठी कार्नेट लागत नाही आणि आपलं साधं लायसन्स तिथे चालतं. लागतो तो भन्सार, म्हणजे तिथल्या कस्टम्सची पावती. सोनौलीची कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया. तिथल्या कार्यालयात गाडीचा नंबर, इंजिन नंबर, चेसिस नंबर, चालवणाऱ्याचं लायसन्स आणि किती दिवस राहणार हे लिहून द्यायचं. शुल्क दिवसावर असतं, नेपाळी रुपयांत. दर तिथल्या अर्थसंकल्पाबरोबर बदलतात आणि त्यांचं आर्थिक वर्ष श्रावणात, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्यावर सुरू होतं. म्हणून गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मावसभावाचा आकडा प्रमाण मानू नका. त्याच आवारात यातायातचा, म्हणजे तिथल्या वाहतूक खात्याचा, रस्ता परवानाही करून घ्या.

दिवस सांगताना लोक चिकटपणा करतात आणि तिथेच फसतात. आठ दिवसांचा बेत असेल तर दहा दिवसांचा भन्सार भरा. दरड कोसळून रस्ता एक दिवस जरी बंद राहिला तरी तुमची पावती संपते, आणि मुदत संपलेली गाडी म्हणजे त्यांच्या लेखी ड्युटी न भरलेला माल. त्यावर दंड लागतो. आपल्या खाजगी गाडीला तिथे एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवसच मिळतात, हेही लक्षात असू द्या. पुढच्याच महिन्यात साडू तीच गाडी मागणार असेल तर त्याचेही दिवस याच ३० तून जातील.

आता थोरल्या भावाचं. तो नसेल तर त्याचं अधिकारपत्र घ्या: स्टँपपेपरवर, नोटरी केलेलं, इंग्रजीत, गाडीचा पूर्ण नंबर, चेसिस नंबर, चालवणाऱ्याचं नाव आणि प्रवासाच्या तारखा घालून. सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. ‘तो माझा सख्खा भाऊच आहे’ हे वाक्य सोनौलीत रोज शंभर जण म्हणत असतील. कर्जाची नोंद आरसीवर असतेच, तेव्हा बँकेकडून ना-हरकत पत्र आणा. नेपाळात ते कोणी मागेल न मागेल, पण गाडीला तिकडे काही झालं तर पहिला फोन बँकेचाच येतो. आणि आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी हे सगळं हातात धरता येईल असं बरोबर घ्या. डिजीलॉकर दाखवून आपल्या ट्रॅफिक हवालदाराला पटवता येतं, परदेशी कस्टम्सला नाही.

ओळखपत्रासाठी पासपोर्ट नसला तरी निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड चालतं. आधार सर्वांसाठी नाही. पंधराच्या आतले आणि पासष्टच्या वरचे यांनाच ते चालतं. आई त्यात बसत असतील तर प्रश्न मिटला. दोन्ही वहिनींची मतदार कार्डं मात्र आत्ताच शोधायला घ्या, ती नेहमी माहेरच्या कपाटात असतात.

विमा. तुमच्या पॉलिसीवर ‘भौगोलिक क्षेत्र: भारत’ असं छापलेलं असतं, ते कोणी वाचत नाही. सोनौलीची कमान ओलांडताक्षणी ती पॉलिसी निव्वळ कागद. निघण्याआधी विमा कंपनीकडून भौगोलिक विस्ताराचं एंडॉर्समेंट घ्या. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांसाठी ते मिळतं. जुन्या मोटर टॅरिफप्रमाणे पॅकेज पॉलिसीला त्याचा हप्ता ५०० रुपये होता, म्हणजे कोल्हापुरात चौघांच्या मिसळीइतकाही नाही. एजंट म्हणेल ‘ताई, कोणी घेत नाही’. त्याला म्हणावं, मी घेते. तिकडे अपघात झालाच तर नेपाळ पोलिसांचा मुचुल्का, म्हणजे पंचनामा, त्याची शिक्क्याची प्रत आणि गाडी जागेवर असतानाचे फोटो घेतल्याशिवाय क्रेन बोलवू नका. आपला सर्व्हेअर तिथे येणार नसतो.

पैशांचं सोपं आहे. भारतीय शंभराला नेपाळी १६० हा भाव १९९३ पासून ठरलेला आहे, घासाघीस करू नका. शंभरपर्यंतच्या नोटा घेऊन जा. पाचशेच्या गड्डीवर तिथल्या सफरीचा डोलारा उभा करू नका. फास्टॅग तिथे नुसती काचेवरची शोभा.

गाडी डाव्याच बाजूने, त्यामुळे हात लगेच बसतो. दोन गोष्टी मात्र महाराष्ट्रातून निघताना घरी ठेवायच्या. एक हॉर्न. काठमांडूत २०१७ च्या नेपाळी नववर्षापासून विनाकारण हॉर्नला बंदी आहे. दुसरी, जेवणाबरोबरचा ‘एकच पेग’. तिथे दारू पिऊन गाडी चालवण्याला शून्य सूट आहे. मापसे म्हणतात त्या तपासणीला, आणि संध्याकाळी काठमांडूत ती हमखास असते.

रस्त्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे. नारायणघाट ते मुग्लिन हा पट्टा एका बाजूला डोंगर आणि एका बाजूला त्रिशूली, असा आहे. जुलै २०२४ मध्ये सिमलताल इथे दरडीने दोन बसगाड्या नदीत ढकलल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तनहुँ जिल्ह्यात आपल्या जळगावकडच्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदीत कोसळली आणि सत्तावीस माणसं गेली. दोन्ही पावसाळ्यातल्या गोष्टी. तुम्ही दिवाळीनंतर जाताय हे उत्तम, पण या पट्ट्यात अंधार पडल्यावर गाडी घालायची नाही. रात्री सोनौली ओलांडून पहाटे काठमांडू गाठायचा बेत कोणी सुचवला तर त्याला मागच्या सीटवर बसवा. बुटवलला किंवा नारायणघाटला मुक्काम करा. भाऊबीज ते छठ या दिवसांत सीमेवर तोबा गर्दी असते, तीही टाळा.

मुक्तिनाथला स्वतःची गाडी नेऊ नका. बेनीच्या पुढे जोमसोमपर्यंतचा रस्ता तुमच्या सेडानची तेलाची टाकी तपासून बघेल, आणि दुपारनंतर काली गंडकीच्या खोऱ्यात वारा असा सुटतो की दार उघडताना हातातून निसटतं. गाडी पोखऱ्याला हॉटेलात लावा, तिथून जीप करा. अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्राचा परवाना प्रत्येकाला लागेल. सार्क देशांच्या नागरिकांना तो नेपाळी एक हजारात मिळतो.

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त आहोत. मुलगी लंडनला असते. आमची एसयूव्ही घेऊन नाशिक ते लंडन जायची फार इच्छा आहे. ‘कार्नेट’ नावाचं काही लागतं असं ऐकलं. ते काय, कुठे मिळतं आणि खर्च किती? (नाशिक)

रस्त्याने सलग जाण्याचं सध्या विसरा. अटारीची सीमा एप्रिल २०२५ पासून बंद आहे, आणि त्याआधीही भारतीय गाडीला पाकिस्तानातून जाणं दिवास्वप्नच होतं. मणिपूरमधून मोरे-तामूमार्गे म्यानमार, हा एकेकाळचा लाडका रस्ता २०२१ च्या लष्करी उठावानंतर हौशी प्रवाशाच्या कामाचा राहिलेला नाही. नेपाळकडून तिबेटमध्ये जायचा रसुवागढीचा मैत्री पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. शिवाय चीन आपला आंतरराष्ट्रीय परवाना मानत नाही. तिथे स्थानिक एजन्सी, गाईड, तात्पुरतं लायसन्स आणि तात्पुरती नंबरप्लेट, सगळा लवाजमा लागतो आणि खर्च ऐकून मुलगीच म्हणेल, विमानाने या.

म्हणून जहाज. न्हावा शेवाहून कंटेनरमध्ये गाडी पाठवायची आणि युरोपातल्या बंदरावर उतरवून घ्यायची. कंटेनरमध्ये जाणाऱ्या गाडीची टाकी जवळजवळ रिकामी लागते, बॅटरीची वायर सुटी करतात, आणि डिकीत लोणच्याच्या बरण्या चालत नाहीत. हे शेवटचं मी उगाच लिहीत नाही.

आता कार्नेट. पूर्ण नाव कार्नेट द पासाज आँ दुआन. भारतात ते वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते. ही १९१९ ची संस्था, ऑफिस चर्चगेटला वीर नरिमन रोडवर. वर्षभराच्या मुदतीचं ते पुस्तक असतं. प्रत्येक पानाचे आडवे तीन भाग. देशात शिरताना कस्टम्सवाला खालचा भाग फाडून घेतो, बाहेर पडताना मधला. वरचा भाग पुस्तकात राहतो आणि त्याच्यावर दोन शिक्के दिसले पाहिजेत, एक येतानाचा आणि एक जातानाचा. पुस्तक एवढंच आहे. मोल आहे ते त्यामागच्या हमीचं: गाडी परत बाहेर नाही आली तर तिची ड्युटी असोसिएशन त्या देशाला भरेल. आणि असोसिएशन काही तुमची मामेसासू नाही, म्हणून ती तुमच्याकडून बँक गॅरंटी किंवा ठेव घेते. रक्कम गाडीची किंमत आणि तुम्ही लिहिलेल्या देशांपैकी सर्वात जास्त ड्युटी लावणारा देश, यावर ठरते. म्हणजे ‘जमलं तर इजिप्तही करू’ असं सहज लिहिलंत तर ठेवीचा आकडा फुगतो. जिथे खरंच जाणार तेवढेच देश लिहा.

गंमत अशी की युरोपीय संघात कार्नेट लागतच नाही. बाहेरच्या देशात राहणाऱ्याची गाडी तिथे तात्पुरती म्हणून ६ महिने ड्युटीशिवाय फिरू शकते. पण शेंगेन व्हिसावर तुम्ही मात्र १८० दिवसांत ९० दिवसच राहू शकता. गाडीचा पाहुणचार आपल्यापेक्षा लांब! ब्रिटनमध्येही पाहुण्या गाडीला ६ महिने मिळतात. तेव्हा थेट युरोपात गाडी उतरवून तिथूनच परत पाठवणार असाल, तर जहाज कंपनीच्या माणसाला आणि आपल्या सीएचएला, म्हणजे क्लिअरिंग एजंटला, आधी विचारा की वाटेतल्या कुठल्या बंदरासाठी कार्नेट हवंय. इराण, जपान, ऑस्ट्रेलिया इथे त्याच्याशिवाय पान हलत नाही. आपल्याकडे परत आणतानाही कस्टम्सला ही तीच गाडी हे दाखवावं लागतं, तेव्हा जातानाच्या शिपिंग बिलावर चेसिस नंबर आकडा-आकडा जुळवून घ्या.

शिक्क्याबद्दल एक खरी गोष्ट. आमच्या ऑफिसकडे आलेलं एक डॉक्टर जोडपं पश्चिम आशियातल्या एका सीमेवर रात्री उशिरा पोचलं. पाऊस, रांग नाही, पहारेकऱ्याने हात दाखवला आणि हे निघाले. जातानाचा शिक्का राहिला. गाडी सुखरूप दादरला, साहेब दवाखान्यात, आणि वर्ष उलटल्यावर त्या देशाच्या कस्टम्सचं मागणीपत्र: गाडी आमच्याकडेच आहे, ड्युटी आणि दंड भरा. बँक गॅरंटी अडकली. वाचले ते दोन कागदांवर. पुढच्या देशात शिरतानाचा शिक्का तारखेसह होता, आणि कार्नेटच्या मागच्या पानावर गाडी कुठे आहे याचा दाखला असतो, तो इथल्या अधिकाऱ्याने चेसिस नंबर प्रत्यक्ष बघून भरून दिला. तरी पत्रव्यवहार किती महिने चालला ते विचारू नका. खिडकी बंद असेल तर गाडीत झोपा, पण शिक्का घेऊन निघा.

युरोपचं बाकीचं भराभर सांगते. आपली विमा पॉलिसी तिथे शून्य. भारत ‘ग्रीन कार्ड’ या तिकडच्या सीमापार मोटर विम्याच्या व्यवस्थेत नाही, म्हणून तिथला सीमेवरचा थर्ड पार्टी विमा आधीच ठरवून ठेवा. आंतरराष्ट्रीय परवाना तुमच्या आरटीओकडून, फॉर्म ४-ए, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन्स बरोबर हवंच. आपली गाडी डाव्या बाजूने चालायला बनवलेली असल्याने तिचे डिप्पर उजव्या रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जातात, त्यासाठी काचेवर लावायच्या पट्ट्या मिळतात. फ्रान्समध्ये चमकणारं जाकीट आणि त्रिकोण गाडीत असणं सक्तीचं. जाकीट डिकीत नको, हाताशी हवं. स्वित्झर्लंडच्या महामार्गाला ४० फ्रँकचं वार्षिक स्टिकर लागतं, दोन दिवस फिरा की वर्षभर. आणि मागच्या बाजूला पांढऱ्या लंबगोलात काळ्या अक्षरांत आय-एन-डी. आपल्या नव्या नंबरप्लेटवर ती अक्षरं बारीक निळ्यात असतात खरी, पण १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे हा लंबगोल वेगळा लावायचा असतो.

प्रश्न: मी शारजाला नोकरी करते. मित्रमंडळींबरोबर खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळी, हंगामात माझ्या गाडीने ओमानमधल्या सलालाला जायचं आहे. गाडी हप्त्यावर घेतलेली आहे. (शारजा)

आखाती देशांतल्या नोंदणीच्या गाडीला एकमेकांत जायला कार्नेट लागत नाही. मूळ मुल्किया, म्हणजे तिथली आरसी, तुमच्या नावाची हवी. हप्ते चालू आहेत म्हणून बँकेचं ना-हरकत पत्र घ्या. मुल्कियावर गहाणाची नोंद असते आणि सीमेवरचा माणूस ती आधी बघतो. विम्यात ओमान आहे का ते पॉलिसीत वाचा. नसेल तर ऑरेंज कार्ड, म्हणजे अरब देशांतला सीमापार गाडीविमा, घ्या. काही पॉलिसींत ओमान आधीच असतं, मग पुन्हा पैसे कशाला? साचलेले रहदारीचे दंड आधी भरून टाका. ओमानचा व्हिसा प्रत्येकीने आपल्या पासपोर्टचं बघून. हत्ता-वजाजाची वाट धरणार असाल तर सुट्टीच्या सकाळी तिथे अख्खं यूएई उभं असतं.

प्रश्न: गाडीने भूतान परवडेल का? (सांगली)

२०२२ च्या सप्टेंबरात भूतानने पर्यटन पुन्हा उघडलं, तेव्हा भारतीयाला दर रात्रीचं शाश्वत विकास शुल्क १२०० रुपये केलं आणि सीमेवरच्या फुंटशोलिंगच्या पुढे जाणाऱ्या आपल्या गाडीवर दिवसाला ४५०० चं शुल्क लावलं. जाण्याआधी आजचा दर बघा, पण हिशोब मला तरी साधा दिसतो: गाडी सीमेअलीकडे जयगावला लावा आणि भूतानी टॅक्सी करा.

प्रश्न: मुलगा लेस्टरला आहे. तो त्याची तिकडची गाडी इकडे आणून पुण्यात ठेवू म्हणतो. मला वापरायला होईल. (पुणे)

होणार नाही. पाहुणी म्हणून आणली तर ती कार्नेटवर येईल, मुलाच्या नावाने, आणि ६ महिन्यांत परत गेली पाहिजे. त्या काळात २०२२ च्या नियमांप्रमाणे गाडीचं नोंदणीपत्र, त्याचा परवाना, भारतात चालणारा विमा आणि प्रदूषणाचा दाखला गाडीत हवा. तुम्ही तिच्यात बसा, स्टिअरिंगला हात लावू नका. कायमची आणायची तर जुन्या गाडीला ३ वर्षांची वयोमर्यादा आहे, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा (त्यांचा मैलांत असतो), आणि ड्युटी गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. मुलाला म्हणावं ती तिकडेच वीक आणि बाबांना इथे नवी घेऊन दे.

प्रश्न: माझ्या गाडीवर हौसेने मराठीत नंबर घातलाय. नेपाळात तर देवनागरीच चालते, मग भन्सारला काय अडचण? (सातारा)

तुमचा तर्क ऐकून मी चहा सांडला. मराठी आकड्यांची प्लेट सातारला हौस असली तरी मोटार वाहन नियमांप्रमाणे इथेच बेकायदा आहे. अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचे हवेत. भन्सारचा कारकून प्लेट आणि आरसी समोरासमोर धरून अक्षर अन् अक्षर लावतो, तिथे ‘एमएच’ ऐवजी ‘मह’ दिसलं की तुम्ही रांगेबाहेर. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट तशीही सक्तीचीच आहे. ती आधी बसवून घ्या, भन्सारचं मग बघू.